महासाथीत थांबलेली तपासणी: कर्करोगाच्या पूर्वनिदानाचा परळमधून घेतलेला आढावा

मे २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत किती काम झाले, याची तुलना त्यात २०१९ च्या याच तीन महिन्यांशी केली होती. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली होती. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. सगळ्यांत मोठी पडझड मात्र तपासणीत झाली होती. कसलाच त्रास नसलेल्या माणसांना तपासून आजार लवकर पकडण्याचे काम ७० टक्क्यांहून अधिक केंद्रांत एक तर पूर्ण बंद पडले होते किंवा नेहमीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी क्षमतेने चालले होते.

शस्त्रक्रिया थांबली की रुग्ण दिसतो, नातेवाईक दिसतात, बातमी होते. तपासणी थांबली की कोणीच दिसत नाही. जिची तपासणी राहून गेली, तिला स्वतःलाही ते ठाऊक नसते. त्यामुळे या थांबण्याचा हिशेब अजून लागलेला नाही आणि त्याबद्दल जाणकारांत एकमतही नाही. साथीआधी आपल्याकडे तपासणीची काय व्यवस्था होती, साथीत तिचे काय झाले, नुकसानीबद्दल कोणती मते आहेत आणि कोणते प्रश्न अजून मोकळे आहेत, हे इथे क्रमाने मांडतो.

साथीआधीची जमीन

परळ ज्यात येते त्या गिरणगावाच्या, म्हणजे मुंबईतल्या जुन्या कापड गिरण्यांच्या, पट्ट्याला साथीचे आणि कर्करोगाचे, दोन्हीचे जुने अनुभव आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी जवळच टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरात कोणता कर्करोग वाढतो आहे आणि कोणता घटतो आहे, हे दशकानुदशके सांगता येते ते या नोंदणीमुळे. मुंबईत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेले आणि स्तनाच्या कर्करोगाचे वाढत गेले, हे तिच्यातूनच कळले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ही घट संघटित तपासणीशिवाय झाली. लग्नाचे वाढलेले वय, कमी बाळंतपणे आणि सुधारलेली स्वच्छता ही तिची कारणे मानली जातात.

‘टाटा’मध्ये १९९३ मध्ये प्रतिबंधात्मक कर्करोग विभाग उभा राहिला आणि १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक मोठी चाचणी सुरू झाली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचे वस्तीनिहाय २० गट पाडण्यात आले. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी एक अशा तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या गटांत कर्करोगाची माहिती देणारी एक फेरी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हे काम त्यांच्याकडे सोपवले होते. त्या हाताने स्तन तपासत आणि गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधला मुख्य घटक, लावून मिनिटभराने पाहत. तिथे पांढरट डाग उठला की स्त्रीला पुढच्या तपासासाठी रुग्णालयात पाठवले जाई. वैद्यकीय भाषेत या पद्धतीला ‘व्हीआयए’ म्हणतात. तिला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही, आणि निकाल तिथल्या तिथे मिळतो.

२०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत या चाचणीचा निष्कर्ष मांडला: तपासणी झालेल्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. स्तनतपासणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे ऐन साथीत. तपासणी झालेल्या गटात आजार कमी पुढे गेलेल्या टप्प्यावर सापडत होता. मृत्यूंतली एकूण घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती ३० टक्क्यांच्या जवळ होती. काही तज्ज्ञ या दुसऱ्या आकड्याला फार महत्त्व देत नाहीत, कारण वयाचे हे विश्लेषण मागाहून केलेले होते. पन्नाशीच्या आतल्या आणि पुढच्या स्त्रियांचा आजार सारखा वागत नाही, असे चाचणी करणाऱ्यांचे म्हणणे आहे.

या चाचणीवर नैतिक आक्षेपही आले आणि ते नोंदवल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. निम्म्या स्त्रियांना तपासणी दिलीच नाही, हे योग्य होते का, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला. विशेषतः गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅप चाचणीचा उपयोग जगभर मान्य झालेला असताना. त्या काळी देशात या स्त्रियांना कसलीच तपासणी मिळत नव्हती आणि इथे परवडणारी पद्धत उपयोगी ठरते का हे पाहिल्याशिवाय सरकार ती स्वीकारणार नव्हते, असे संशोधकांचे उत्तर होते. हा वाद पुरता मिटलेला नाही.

परळपासून चारशे किलोमीटरवर बार्शीत याच प्रश्नाचे वेगळे उत्तर मिळाले होते. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयए आणि पॅप या दोन्ही पद्धतींच्या एकेका फेरीने मात्र तिथे मृत्यूंत ठाम घट दिसली नाही. मुंबईत व्हीआयएला यश आले ते चार फेऱ्यांनंतर. साथीच्या संदर्भात हा फरक फार मोलाचा ठरतो. त्याकडे पुढे येऊ.

पुरावा होता, पण व्यवस्था मात्र विरळ होती. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीचा आराखडा काढला. दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, गर्भाशयमुखासाठी व्हीआयए वापरावी, असे त्यात ठरले. तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. स्तनाच्या आणि तोंडाच्या तपासणीसाठी हा आकडा ०.९ टक्के होता. इंग्लंड किंवा नेदरलँड्समध्ये प्रत्येक स्त्रीचे नाव यादीत असते, तिला ठरल्या वर्षी पत्र जाते, ती आली नाही तर आठवण दिली जाते. आपल्याकडे शिबिर भरले, बाई त्या दिवशी मोकळी असली आणि शेजारणीने आग्रह केला, तर तपासणी होते.

टाळेबंदीत काय झाले

२३ मार्च २०२० पासून मुंबईच्या लोकल बंद झाल्या. त्या १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, २१ ऑक्टोबरला ठरावीक वेळांत सर्व स्त्रियांसाठी आणि १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुल्या झाल्या. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, त्या सामान्य प्रवाशांसाठी पुन्हा बंद झाल्या आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्टपासून प्रवास करता आला. कल्याण, विरार किंवा पनवेलहून परळला येणाऱ्या बाईच्या दृष्टीने हेच तपासणीचे वेळापत्रक होते. अंगाला काहीच झालेले नसताना केवळ खात्री करून घेण्यासाठी त्या दिवसांत परळची वाट कोण धरणार होते?

लोअर परळ, वरळी, प्रभादेवी हा महापालिकेचा जी-दक्षिण विभाग. वरळी कोळीवाड्यामुळे तो एप्रिल २०२० मध्येच साथीच्या पहिल्या केंद्रांत मोजला जाऊ लागला. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामायिक संडास. तिथे अंतर पाळायचे कसे, हाच रोजचा प्रश्न होता. शेजारचे केईएम रुग्णालय कोविडच्या रुग्णांनी भरले होते. वरळीच्या एनएससीआय संकुलात कोविड केंद्र उभे राहिले. एरवी वस्तीत फिरून गरोदर बायकांची, क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य सेविका संपर्कशोध आणि ताप मोजण्याच्या कामाला लागल्या. कर्करोगाच्या तपासणीसाठी माणसे बोलावून आणायचे काम ज्यांनी करायचे, त्याच बायका साथीच्या कामाला जुंपल्या गेल्या. वेगळे मनुष्यबळ नव्हतेच.

‘टाटा’ने रुग्णालय बंद न ठेवण्याचा निर्णय घेतला. डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी एप्रिल २०२० अखेर ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये या निर्णयामागचा विचार मांडला. २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात तिथे ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत एकही मृत्यू झाला नाही, अशी नोंद रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी प्रसिद्ध केली. कोविडच्या भीतीने कर्करोगाचे उपचार सरसकट पुढे ढकलण्याची गरज नाही, हे जगाला दाखवून देण्यात या नोंदीचा वाटा होता. मला ती गिरणगावाच्या अलीकडच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट वाटते. पण हा निर्णय ज्यांचे निदान झाले होते त्यांच्यासाठी होता. निदान न झालेल्यांसाठी असा निर्णय घेणे कोणाच्या हातात नव्हते.

४१ केंद्रांच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सेवांची घट लहान शहरांपेक्षा महानगरांत जास्त होती. साथीचा जोर महानगरांत होता, हे त्याचे उघड कारण. शिवाय महानगरातली केंद्रे दूरवरून येणाऱ्या रुग्णांवर चालतात. गाड्या थांबल्या की त्यांचा ओघ आटतो.

तीन तपासण्यांपैकी तोंडाच्या तपासणीवर सर्वाधिक आघात झाला असावा, असे मला वाटते. व्हीआयए किंवा स्तनतपासणी मुखपट्टी लावून करता येते. तोंडाची तपासणी करायची तर समोरच्याची मुखपट्टी काढावीच लागते आणि त्याच्या श्वासापासून वीतभर अंतरावर वाकून पाहावे लागते. त्या महिन्यांत दंतवैद्यांचे दवाखानेही बंद होते, आणि आपल्याकडे तोंडातले पांढरे चट्टे किंवा न उघडणारा जबडा पहिल्यांदा अनेकदा त्यांच्याच नजरेला पडतो. केरळातल्या तिरुवनंतपुरमच्या चाचणीने २००५ मध्येच दाखवले होते की तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांची तोंडे नुसत्या नजरेने तपासली तरी त्यांच्यातले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. दुसऱ्या बाजूला, केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२० च्या सूचनांत सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यास आणि गुटखा-तंबाखूच्या विक्रीस मनाई केली. तपासणी थांबली आणि काही काळ तंबाखूवर बंधन आले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्यांचा एकत्रित परिणाम वेगळा काढणे अवघड आहे.

नुकसान किती: तीन मते

पहिले मत असे की नुकसान मोठे आहे आणि ते पुढच्या काही वर्षांत उलगडत जाईल. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे तेव्हाचे संचालक नेड शार्पलेस यांनी ‘सायन्स’मध्ये अंदाज दिला: तपासणी आणि उपचार रखडल्यामुळे स्तन आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने दहा वर्षांत सुमारे दहा हजार जास्तीचे मृत्यू होतील. पुढच्या महिन्यात ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त इंग्लंडसाठीचा अंदाज आला. निदानातल्या दिरंगाईने पाच वर्षांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू ८ ते १० टक्क्यांनी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे १५ ते १७ टक्क्यांनी वाढतील, असे त्यात म्हटले होते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतली स्तनाची तपासणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ९० टक्क्यांनी घसरल्याचे नंतर दिसून आले. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’ने जुन्या अभ्यासांचा धांडोळा छापला. उपचाराला चार आठवड्यांचा उशीर झाला तरी मृत्यूचा धोका ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. या मताचे बळ तिथे आहे.

दुसरे मत म्हणते की अंदाज म्हणजे अनुभव नव्हे. नेदरलँड्सने मार्च २०२० मध्ये स्तनाची तपासणी थांबवली आणि उन्हाळ्यात पुन्हा सुरू केली. पुढे मनुष्यबळ कमी पडल्याने दोन फेऱ्यांमधले अंतर दोनाऐवजी तीन वर्षांपर्यंत वाढवले. तिथल्या नोंदणीत निदानांची संख्या आधी घटली, पण आजार लक्षणीयरीत्या पुढच्या टप्प्यावर सापडू लागल्याचे सुरुवातीच्या विश्लेषणांत दिसले नाही. या मताच्या लोकांचा जुना मुद्दाही इथे येतो. तपासणीत सापडलेला प्रत्येक कर्करोग जीव घेणारा असतोच असे नाही. ब्रिटनमधल्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये स्तनाच्या एक्स-रे तपासणीबद्दल सांगितले होते की एक मृत्यू टळतो तेव्हा सुमारे तीन स्त्रियांना अशा कर्करोगाचे उपचार सोसावे लागतात, जो आयुष्यभर त्रास न देता राहिला असता. त्यामुळे साथीत न सापडलेल्या प्रत्येक आजाराला नुकसान म्हणणे बरोबर नाही, असे हे तज्ज्ञ बजावतात. हा युक्तिवाद मुख्यतः एक्स-रे तपासणीला लागू पडतो. व्हीआयए किंवा हाताने होणारी स्तनतपासणी इतके बारीक काही शोधतच नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचे वजन कमी आहे.

तिसरे मत भारतासारख्या देशांतल्या डॉक्टरांचे आहे आणि मला ते सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. ज्या देशात शंभरांतल्या दोन स्त्रियांचीही गर्भाशयमुखाची तपासणी होत नाही, तिथे ती थांबल्याने आकडेवारीत फार फरक पडणार नाही. आपल्याकडे कर्करोग तपासणीत सापडत नाही. गाठ लागते, अंगावरून जाते, तोंडात व्रण होतो, तेव्हा सापडतो. म्हणून साथीचे खरे नुकसान झाले ते गाठ लागूनही घरी बसलेल्या बाईचे. नव्या नोंदणीतली ५४ टक्क्यांची घट तेच सांगते. तेव्हा पैसा आणि माणसे मोजकी असतील तर आधी लक्षणे असलेल्या माणसाला लवकर डॉक्टरपर्यंत पोचवा, तपासणीचा विचार नंतर करा, असे या मताचे लोक म्हणतात.

हे मत बरोबर आहे, पण अपुरे आहे. लक्षण दिसल्यावर बाईने घाबरून न जाता रुग्णालय गाठावे, हे तिला शिकवते कोण? वस्तीत तपासणीसाठी जाणारी तीच आरोग्य सेविका. मुंबईच्या चाचणीत दोन दशके स्त्रियांच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी तपासण्या केल्या आणि रुग्णालयाची ओळखही करून दिली. तपासणी आणि लवकर निदान ही दोन वेगळी कामे कागदावर आहेत. वस्तीत त्यांचे दार एकच असते.

या तिन्ही मतांत एक गोष्ट पुरेशी आलेली नाही, आणि ती आजारागणिक बदलते. एचपीव्हीच्या संसर्गापासून गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. तिथे निरोगी बाईची तपासणी वर्षभर लांबली तर तिचे नुकसान थोडे. पण जिच्या तपासणीत मार्च २०२० आधीच दोष दिसला होता आणि जिला पुढच्या तपासाला बोलावले होते, तिचे वर्ष गेले तर ते महागात पडू शकते. स्तनाचा कर्करोग याहून वेगाने वाढतो. पुन्हा साथ आली आणि मोजकीच माणसे हाताशी असली तर आधी दोष आढळलेल्यांना बोलवा, मग कधीच तपासणी न झालेल्यांना, आणि नियमित येणाऱ्यांना शेवटी, या क्रमावर आता बहुतेक तज्ज्ञ एकत्र येऊ लागले आहेत.

पद्धत बदलावी का

बार्शी आणि मुंबईच्या निष्कर्षांतला फरक इथे कामाला येतो. दर दोन वर्षांनी करावी लागणारी तपासणी साथीत मोडते, कारण दीड वर्ष वस्तीत जाता आले नाही की एक फेरी जवळपास बुडते. एकदा केली की अनेक वर्षे पुरणारी चाचणी असा धक्का सोसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली: तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. या चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. ना शिबिर लागते, ना टेबल, ना परक्या माणसाच्या हाताचा संकोच.

यातली एक घडामोड महाराष्ट्र आणि गोव्याला जवळची आहे. मार्च २०२० मध्ये कोविड चाचणीचा पहिला भारतीय संच बनवणारी पुण्याची मायलॅब आणि क्षयाच्या व पुढे कोविडच्या चाचण्यांसाठी देशभर पोचलेले ‘ट्रूनॅट’ यंत्र बनवणारी गोव्याची मोलबायो, या दोन कंपन्यांच्या एचपीव्ही चाचण्यांच्या पडताळणीचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये मांडले गेले. साथीसाठी तालुक्यांपर्यंत पोचलेली यंत्रे कर्करोगाच्या तपासणीला वापरता येतील, ही शक्यता खरी आहे.

तरी व्हीआयएचे समर्थक सांगतात ते ऐकले पाहिजे. एचपीव्ही चाचणीला संच लागतो, यंत्र लागते, पैसा लागतो, आणि निकाल कळवायला बाई पुन्हा सापडावी लागते. व्हीआयएत ती समोरच असते. दोष दिसला तर त्याच भेटीत पुढचे ठरवता येते. शिवाय पुढच्या साथीत हीच यंत्रे आणि हेच तंत्रज्ञ पुन्हा साथीच्या चाचण्यांसाठी ओढले जातील, ही भीतीही अनाठायी नाही. आणि एचपीव्हीची चाचणी स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाचे काहीच सांगत नाही. तिथे माणसाचे डोळे आणि हात यांना अजून पर्याय सापडलेला नाही.

न सुटलेले

पहिला प्रश्न मोजणीचाच आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा अहवाल ऑगस्ट २०२० मध्ये आला, तो २०१२ ते २०१६ या वर्षांच्या नोंदींचा होता. रुग्णालयांकडे निदानाच्या वेळचा टप्पा लिहिलेला असतो, पण सगळ्या शहरासाठी तो एकत्र करून साथीआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना होत नाही, तोवर वरच्या तीन मतांपैकी मुंबईपुरते कोणते खरे, हे ठरणार नाही. साथीत घरीच गेलेल्या आणि कर्करोगाचे निदानच न झालेल्या माणसांची तर कोणत्याच नोंदवहीत नोंद नाही.

दुसरा प्रश्न यादीचा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. कर्मचारी घरोघर गेले, तापमान आणि प्राणवायू मोजला, मधुमेह-रक्तदाबासारख्या जुन्या आजारांची चौकशी केली. घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची नोंद करणे आपल्या यंत्रणेला जमते, हे तेव्हा सिद्ध झाले. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची, तंबाखू खाणाऱ्या प्रत्येक माणसाची अशीच यादी का होत नाही, याला तांत्रिक कारण उरलेले नाही. अडचणी आहेत त्या व्यवहारातल्या. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतली कुटुंबे पुनर्विकासासाठी संक्रमण शिबिरांत गेली, टाळेबंदीत कित्येकजण गावी गेले, फोन नंबर बदलले. पत्त्यावर बांधलेली यादी या भागात दोन वर्षेही टिकत नाही. ती माणसावर बांधायची तर त्याच्या आरोग्याची माहिती कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरा प्रश्न माणसांचा. तपासणी करणाऱ्या आरोग्य सेविकांना पुढच्या साथीत पुन्हा तिकडे वळवायचे की काहींना या कामावर कायम ठेवायचे? आणीबाणीत सगळे हात लागतात, असे पालिकेचे अधिकारी म्हणतील, आणि एप्रिल २०२० आठवला की त्यांना चूक म्हणवत नाही. तरी माझे मत असे की प्रत्येक विभागात निदान दोष आढळलेल्या स्त्रियांच्या पाठपुराव्याचे काम कोणत्याही साथीत थांबू नये, एवढे आधीच लिहून ठेवले पाहिजे. त्याला फार माणसे लागत नाहीत. एक यादी आणि एक फोन लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने भारतात एका वर्षात सुमारे ८० हजार स्त्रिया दगावतात, हा २०२२ चा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींचा मृत्यू, आजार वेळेत सापडला तर, टाळता येण्याजोगा आहे.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे. घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईची तपासणी साथीत राहून गेली असेल किंवा कधीच झाली नसेल, तर जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा सरकारी आरोग्य केंद्रात तिची चौकशी करा. तंबाखू खाणाऱ्या पुरुषांनीही तोंड दाखवून यावे. आणि दोन-तीन आठवड्यांत बरा न झालेला तोंडातला व्रण, स्तनातली गाठ, पाळी थांबल्यानंतर किंवा शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव, यांतले काहीही असेल तर कोणत्याही शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा.